झाडीपट्टीतून सिनेमात जायचंय, पण धान विकून नव्हे

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू ब्रह्मपुरीकडच्या एका गावची, वय २२, बी.ए. झालेली. झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या रात्रभर चालणाऱ्या व्यावसायिक नाटकांत, तीन सीझन काम केलंस, गेल्या सीझनला दुसऱ्या हिरोईनची भूमिका मिळाली. आता सिनेमात जायचं आहे. नागपूरच्या एका गृहस्थानं फोटो, 'क्रॅश कोर्स' आणि एका मराठी चित्रपटात मुख्य भूमिका असं सगळं मिळून ८०,००० रुपये सांगितलेत. वडील म्हणतात, घरचं धान विकून देतो, पण एकदाच. तू विचारतेस, नागपूर करू की सरळ मुंबई गाठू? आणि शेवटी भीत भीत जोडलंयस की उंची ५ फूट १ इंच आणि रंग सावळा आहे, मग कुणी घेईल का.

वयानं मी तुझ्या आईच्याही पुढची आहे, तेव्हा 'तू' म्हणते. वडशाच्या नाटक कंपन्यांमधून बरीच वर्षं कामं केली. नंतर मराठी सिनेमांत आणि मालिकांत आई, मावशी, सरपंचबाई, खाष्ट सासू असं जे येईल ते केलं. हल्ली इकडे कुणाचं शूटिंग आलं की गावातले चेहरे शोधून देण्याचं काम माझ्याकडे येतं. म्हणजे निवडली जाणारी आणि निवडणारी, दोन्ही खुर्च्यांवर बसून झालंय. ऑडिशन देणारीला बहुतेक ठिकाणी खुर्चीच नसते, ती गोष्ट वेगळी.

पैशाचं आधी बोलते, कारण त्याला घाई आहे. ते ८०,००० देऊ नकोस. त्यातले पाच हजार 'टोकन' म्हणूनही देऊ नकोस. सिनेमात भूमिकेसाठी माणसं शोधतो तो कास्टिंग डायरेक्टर, आणि त्याचे पैसे निर्माता देतो. ऑडिशनला फी नसते, रजिस्ट्रेशन नसतं. कलाकारांची 'सिन्टा' ही संघटना १९५८ पासून आहे, कोल्हापूरचं चित्रपट महामंडळ आहे. त्यांचं सभासदत्व ज्याचं त्यानं थेट तिथं जाऊन घ्यायचं असतं, मधल्या माणसाचं त्यात काही काम नाही. जो फोटो, शिकवणी आणि मुख्य भूमिका तिन्ही एकाच पावतीवर विकतो, त्याचा धंदा पावत्यांचाच असतो. खात्री करायची असेल तर त्याला दोनच गोष्टी विचार: दिग्दर्शकाचं नाव काय, आणि पटकथा वाचायला कधी मिळेल? यावर 'सर सध्या बाहेर आहेत' असं उत्तर आलं की समजून जा.

खरं म्हणजे मला त्या माणसापेक्षा वडिलांचं 'एकदाच' जास्त खटकलं. ते वाईट बोलले असं नाही. धानाच्या पैशावर पुढच्या हंगामाचं खत आणि बियाणं असतं, त्यातून ते मुलीला द्यायला निघालेत, हे आपल्या भागात किती बाप करतील? पण एकदाच मिळणारे पैसे या माणसाकडे गेले, की पैशाबरोबर तुझी संधीही संपते. मग 'पाहिलं ना करून?' म्हणत लग्नाची बोलणी सुरू होतात. या व्यवसायात एकदाच खर्च करून काही होत नाही. दरवर्षी थोडं थोडं लागतं, तेही बरीच वर्षं.

म्हणून माझ्या मते नागपूर की मुंबई हा तुझा खरा प्रश्नच नाही. कुणी बोलावत नाही अशी जी वर्षं येणार आहेत, ती कशावर काढायची, हा आहे. ती वर्षं सगळ्यांना आली, मोठ्यामोठ्यांनाही.

१९१३ साली फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती करायला बाई मिळाली नाही. हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणानं ती भूमिका केली. आपल्या दंडारीतही, म्हणजे इकडच्या लोकनाट्यातही, लुगडं नेसून पुरुषच नाचायचे, तेव्हा यात आपल्याला नवल नाही. लगेच पुढच्याच चित्रपटात, 'मोहिनी भस्मासुर'मध्ये, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी उभ्या राहिल्या. त्या आल्या नाटकातून. म्हणजे मराठी नटीची सिनेमातली वाट पहिल्या दिवसापासून नाटकातूनच निघालेली आहे. तू काही आडवाटेनं येत नाहीयेस.

पुढचं बघ. दुर्गा खोटे १९३२च्या 'अयोध्येचा राजा'त तारामती झाल्या. चांगल्या शिकल्यासवरलेल्या घरातल्या होत्या, पण सासरची आर्थिक घडी विस्कटली, पुढे पती गेले, दोन मुलं वाढवायची होती. त्या काळात अशा घरची बाई सिनेमात जाते म्हटल्यावर लोक काय बोलले असतील ते तुला वेगळं सांगायला नको. त्यांनी नायिका केल्या, मग आईच्या भूमिका केल्या, मधल्या काळात नाटकं केली, जाहिरातपट आणि माहितीपट काढणारी स्वतःची कंपनी चालवली. १९८३ला फाळके पुरस्कार मिळाला तेव्हा पहिल्या चित्रपटाला पन्नासच्या वर वर्षं झाली होती. त्यातली नायिकेची वर्षं किती, हे तूच मोज.

ललिता पवार तर तुझ्या आजीला 'रामायणा'तली मंथरा म्हणून माहीत असतील. येवल्याकडच्या. तरुणपणी त्या नायिका होत्या. १९४२ साली एका चित्रीकरणात थोबाडीत मारण्याचा प्रसंग होता, तो फटका खरोखरच इतक्या जोरात बसला की चेहऱ्यावरून वारं गेलं आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेचं काम तिथंच थांबलं. त्यानंतरच त्यांची जी कारकीर्द झाली, त्यासाठी आपण त्यांना ओळखतो. सुलोचनाबाईंचंही तसंच. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या हाताखाली घडल्या, मराठीत नायिका झाल्या, पण हिंदीत देशभर त्या 'आई' म्हणूनच पोहोचल्या. रोहिणी हट्टंगडींनी 'सारांश'मध्ये म्हातारी आई केली तेव्हा त्या तिशीच्या जरा पुढे होत्या.

तू पत्रात चारदा 'नायिका' लिहिलंस म्हणून हे इतकं लांबवलं. नायिकेचा काळ लहान असतो आणि तो मिळणं आपल्या हातात नसतं. अभिनेत्रीचा काळ लांब असतो आणि त्याची तयारी मात्र बरीचशी आपल्या हातात असते.

आता तू म्हणशील, रिंकू राजगुरूचं काय? ती तर अकलूजची शाळकरी पोर, 'सैराट' २०१६ला आला आणि घरोघरी आर्ची झाली. खरं आहे. पण त्यातली एक गोष्ट लोक सोडून देतात. तो दिग्दर्शक त्या भागातला होता, त्याची गोष्ट त्याच मातीतली होती, म्हणून तो मुलगी शोधायला तिकडे फिरला. ती मुंबईला जाऊन सापडली नाही. 'झुंड' नागपुरात घडला तेव्हाही वस्तीतली पोरं तिथूनच घेतली. म्हणजे आपल्याकडची गोष्ट सांगणारा सिनेमा आला की तो आपल्याच दारात येतो. त्या वेळी तू तयार असलीस आणि तुझं नाव चार जणांना माहीत असलं, तर उपयोग. मात्र तो कधी येईल यावर आयुष्य बेतता येत नाही.

मग बेतायचं कशावर? माझं उत्तर आहे, आपल्या सीझनवर. हे मी तुझ्या भल्यासाठी म्हणते, कंपन्यांचं भलं करायला नाही.

आपला सीझन भाऊबीजेला सुरू होतो. मंडईच्या जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, धानाची मळणी, सगळं त्याच्या आगेमागे. शिमग्यापर्यंत जोर असतो, काही कंपन्या त्याच्याही पुढे रेटतात. त्यानंतर दिवाळीपर्यंत तुझ्याकडे निम्मं वर्ष पडलेलं असतं. त्यातले जुलै-ऑगस्ट रोवणीचे, म्हणजे धानाच्या लावणीचे, तेव्हा घरी लागशीलच. पण एप्रिल ते जून आणि रोवणी आटोपल्यावर दिवाळीच्या तालमी लागेपर्यंत, असे दोन तुकडे हाती राहतात. मुंबईचे मुक्काम त्या तुकड्यांत बसव. गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेस सकाळी दादर गाठते. पहिल्या खेपेला महिनाभरच जा. ओळखीच्या, भरवशाच्या घरी किंवा मुलींच्या वसतिगृहात राहा. राहणं, खाणं, लोकल आणि रिक्षा धरून महिन्याला वीस-पंचवीस हजारांच्या आत भागवणं कठीण आहे, हे आधीच मनात धर. ते पैसे तुझ्या नाइटांतून, म्हणजे प्रयोगांच्या कमाईतून, बाजूला पडले पाहिजेत.

सीझन सोडू नकोस म्हणण्यामागे पैशाचं एक साधं गणित आहे. आपल्याकडे नाइट झाली की पैसे हातात येतात, निदान चांगल्या कंपनीत तरी. टीव्हीच्या मालिकांत काम केल्यावर पैसे यायला नव्वद दिवस लागतात, तसा रिवाजच आहे. म्हणजे पहिलं काम मिळालं त्या दिवसापासून पहिला चेक येईपर्यंत तीन महिने तुला पदरचं खायचं असतं. नवीन मुली काम न मिळाल्यामुळे जितक्या परत येतात, तितक्याच काम मिळूनही या तीन महिन्यांत परत येतात.

पण हे सगळ्यांना लागू पडेल असं नाही. सिनेमावाले आपला सीझन पाहून शूटिंग लावत नाहीत. समज, डिसेंबरात फोन आला, तर? एकदोन दिवसांची, नाव नसलेली भूमिका असेल तर तारीख मोडू नकोस. गावानं तिकिटं विकलेली असतात, पोस्टरवर तुझा फोटो असतो, आणि वडशाला एका प्रेसवर, म्हणजे नाटक कंपनीच्या ऑफिसात, गेलेली बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या प्रेसवर पोहोचते. पण पात्राला नाव आहे, कथेत त्याचं काही चालतं, लेखी करार आहे, असं काम असेल तर मालकाला त्याच दिवशी सांग आणि बदली मुलगी बसवायला स्वतः मदत कर. मालक समजूतदार निघाला तर पुढच्या सीझनला परत घेतो. सगळे नसतात तसे. मालिका मिळाली तर प्रश्नच वेगळा, ती वर्षभर चालू शकते, मग तो सीझन गेला असंच धरायचं. मुंबईच पाहिजे असंही राहिलेलं नाही. मराठी मालिकांचं चित्रीकरण हल्ली साताऱ्याला, कोल्हापूरला, नाशिकलाही होतं.

घरात तुझ्याशिवाय कमावणारं कुणी नसतं तर मी आणखी सावधपणे लिहिलं असतं. तुझ्या वडिलांची शेती आहे, तू पदवीधर आहेस आणि लग्न झालेलं नाही. म्हणून तुझ्यासाठी आणखी एक वाट आहे आणि माझ्या मते सगळ्यांत चांगली तीच. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, म्हणजे एनएसडी. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, पदवी लागते, नाटकात काम केल्याचा अनुभव मागतात, आणि विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते. तीन सीझन झाडीपट्टी हा अनुभव नाही तर काय आहे? पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अभिनयाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची नाट्यअकादमी आहे. प्रवेश कठीण असतो, जागा थोड्या असतात. पण अर्जाचे पैसे त्या ८०,०००च्या पासंगालाही पुरत नाहीत. दोनदा नाही झालं तरी तयारीत जे वाचशील, पाहशील, ते वाया जात नाही.

आता कामाचं बोलते, कारण त्या क्रॅश कोर्सवाल्यानं तुला याबद्दल काही सांगितलं नसणार.

इकडच्या मुली ऑडिशनला आल्या की पहिल्या दोन वाक्यांत मला कळतं की ही झाडीपट्टीची. वाक्याच्या शेवटी आवाज वर जातो. हजारो माणसं बसलेली असतात, लहान पोरं रडत असतात, बाजूला चहावाल्याचा स्टोव्ह भणभणत असतो, माइक डोक्यावर टांगलेला असतो. शेवटचा शब्द टाकला नाही तर मागच्या रांगेला पोहोचत नाही. तिथं ते बरोबरच आहे. कॅमेऱ्यासमोर मात्र समोरचं पात्र दोन हातांवर असतं आणि तू त्याच्या मागे बसलेल्या गावाशी बोलतेस असं दिसतं.

दुसरी सवय जास्त खोल आहे आणि ती कुणी बोलून दाखवत नाही: प्रॉम्प्टर. आपल्याकडे तालमी थोड्या, नाटकं बरीच, त्यामुळे विंगेतून येणाऱ्या वाक्यावर आपला कान लागलेला असतो. वाक्य ऐकायचं, अर्धा श्वास थांबायचं, मग म्हणायचं. पाठ झालेलं असलं तरी तो अर्धा श्वास राहतो. रंगमंचावर तो खपून जातो, उलट वजनदार वाटतो. क्लोजअपमध्ये मात्र डोळे दुसरीकडे कुठं तरी ऐकत आहेत हे लगेच दिसतं. दिग्दर्शकाला काय चुकतंय ते सांगता येत नाही, तो नुसतं 'अजून रिअल करा' म्हणतो, आणि मुलगी गोंधळून आणखी जोरात रडते.

तिसरं, आपण टाळीसाठी थांबतो. तिथं टाळी नाही. एकच तुकडा सहासात वेळा करायचा, तोही उलटसुलट क्रमानं. सकाळी नवऱ्याच्या मरणाचा, दुपारी त्याच्याशी लग्न ठरल्याचा. आणि दर खेपेला पाण्याचा पेला त्याच शब्दावर उचलायचा, नाही तर जोडकाम जमत नाही.

याचा सराव घरी होतो. पहाटे चारला ज्या प्रवेशात तू गाव रडवतेस, तोच घे. ओसरीवर बस, पुढ्यात सुपात तांदूळ घे, निवडत निवडत म्हण. आवाज समोर बसलेल्या आईला ऐकू जाईल एवढाच. मोबाइल समोर ठेवून रेकॉर्ड कर. मग तेच पुन्हा कर, आणि हात त्याच शब्दावर थांबतो का बघ. पहिले काही दिवस तुला वाटेल, आपण काहीच करत नाही आहोत. तसं वाटायला लागलं म्हणजे तू रस्त्याला लागलीस. सोबत नागपूरच्या एखाद्या हौशी संस्थेत पाय ठेव. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी बहुधा ऐन आपल्या सीझनात येते, ती अडचण आहेच. पण एकांकिका होत असतात, आणि तिथं महिना महिना तालीम चालते. त्या तालमीचीच आपल्याला सवय नसते.

हे वाचून झाडीपट्टीनं बिघडवलं असं समजू नकोस. रात्रभर उभं राहणं, एका दिवसात भूमिका उचलणं, समोरच्यानं भलतंच वाक्य टाकलं तरी प्रवेश सावरणं, गाणं म्हणणं, थंडीत पातळ साडीवर नाचणं, हे शहरातल्या शिकलेल्या मुलींनाही येत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या परशुराम खुणेंना २०२३ला पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. फक्त मोबाइलवर काढलेले नाटकाचे व्हिडिओ कास्टिंगवाल्यांना पाठवू नकोस. लांबून काढलेले, आवाज फाटलेला, वर ऑक्टोपॅडचा दणदणाट. त्यातून तुझं काम कुणाला दिसणार?

बोलीचंही सांगते. मुंबईला विदर्भ म्हणजे सगळी 'वऱ्हाडी', आणि वऱ्हाडी म्हणजे विनोद. तू तोंड उघडलंस की ते हसतील आणि मोलकरणीची नाही तर भांडकुदळ शेजारणीची भूमिका देतील. दोन-तीन वेळा घे, पैसे मिळतात. पण प्रमाण मराठी आणि हिंदी इतकी घोटून ठेव की हवी तेव्हा त्यात जाता आलं पाहिजे. त्यासाठी रोज मोठ्यानं वर्तमानपत्र वाच. स्मिता पाटील सिनेमात यायच्या आधी दूरदर्शनवर बातम्या द्यायच्या, हे काही उगाच सांगत नाही. आणि झाडीबोली मात्र पुसू नकोस. 'का जी', 'हाव जी' हे ज्या गोडव्यानं तुझ्या तोंडून येतं, ते पुण्याच्या मुलीला शिकवताना माझा जीव मेटाकुटीला आलेला आहे.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: त्या माणसाला पैसे द्यायचे नाहीत, सीझन धरून ठेवायचा, उन्हाळ्यात आणि रोवणीनंतर मुंबई करायची, एनएसडी-फिल्म इन्स्टिट्यूटचे अर्ज भरायचे, आणि ओसरीवर बसून आवाज खाली आणायचा.

आता उरलेले प्रश्न. उंचीचं फारसं मनावर घेऊ नकोस, चित्रपटात ती सांभाळून घेतात. रंगाचं मात्र गोड बोलून फसवणार नाही. जाहिरातींत अजूनही गोऱ्या मुलींना पहिली पसंती असते, मालिकांतही बरीच. पण स्मिता पाटील सावळ्याच होत्या, आणि 'भूमिका' व 'चक्र' अशी दोन राष्ट्रीय पारितोषिकं त्यांच्या नावावर आहेत. कोल्हापूरच्या उषा जाधवला 'धग'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तोही रूपाच्या जोरावर नाही. एक गोष्ट कळकळीनं सांगते: गावच्या मेडिकलवर मिळणारी ती गोरं करणारी ट्यूब लावत असशील तर डॉक्टरांना दाखव. त्यांतल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. त्यानं कातडी पातळ होते, लाल पडते, पुरळ येतं, आणि रात्रभराच्या मेकअपखाली ते आणखी चिघळतं. कॅमेऱ्याला सावळा रंग चालतो, खराब झालेली कातडी लपत नाही.

सुरक्षिततेचं. अंधेरीत वर्सोव्याकडे आराम नगर म्हणून वसाहत आहे, तिथं कास्टिंगवाल्यांची ऑफिसं आहेत. ऑडिशन अशा ऑफिसात, दिवसा, इतर मुलींच्या रांगेत होते. हॉटेलच्या खोलीत, रात्री, 'निर्मात्याला भेटायला' म्हणून होत नाही. 'कॉम्प्रोमाइज' हा शब्द ऐकलास की निघून ये. भांडत बसू नकोस, पण मेसेज पुसू नकोस. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा शूटिंगच्या सेटलाही लागतो. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं अंतर्गत समिती असावी लागते, नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. कायदा आहे म्हणून सगळं सुरळीत आहे असं अजिबात नाही. केरळच्या सिनेसृष्टीवरचा हेमा समितीचा अहवाल २०२४ला बाहेर आला, त्यात काय काय निघालं ते वाच. आणि खरं बोलायचं तर आपल्या नाटकांच्या गाड्यांतून रात्री-बेरात्री फिरताना तू जे सांभाळायला शिकली आहेस, ते तिथंही कामी येईल.

सगळ्यांत अवघड घरचं. तू लिहिलंस, आई म्हणते 'लोक का म्हणतीन'. लोक नाटकाच्या वेळीही म्हणालेच असतील, आणि तेच लोक पहिल्या रांगेत तिकीट काढून बसले असतील. ते जाऊ दे. मला वेगळी काळजी वाटते. हंसा वाडकर १९३६च्या पहिल्या चित्रपटात आल्या तेव्हा जेमतेम तेरा वर्षांच्या होत्या. घर त्यांच्या कमाईवर चालायचं, आणि काय करायचं ते मात्र दुसरेच ठरवायचे. 'लोकशाहीर रामजोशी', 'सांगत्ये ऐका' एवढी मोठी कामं केलेल्या त्या बाईनं आत्मचरित्रात हे सगळं उघड सांगितलं, आणि त्यावरच 'भूमिका' निघाला. तुझ्या नाइटांचे पैसे आज कुणाच्या खात्यात जातात? तुझ्याच नावाचं खातं असू दे. घरी द्यायचे तेवढे दे, पण तुझ्या हातानं दे. करारावर सही करताना तो आधी वाच. इंग्रजीत असेल तर वाचता येणाऱ्याकडून समजून घे. 'तीन वर्षं दुसरीकडे काम करायचं नाही' असं कलम नव्या मुलींच्या कागदात हळूच घातलेलं असतं.

या महिन्यात एवढं कर. सकाळच्या उन्हात, साध्या भिंतीसमोर, मेकअप न करता चार फोटो: समोरून, दोन्ही बाजूंनी, उभी पूर्ण. फिल्टर नको. मग मोबाइल आडवा धरून मिनिटभराचा व्हिडिओ, सुरुवातीला नाव, वय, उंची, गाव आणि येणाऱ्या भाषा. त्यानंतर दोन छोटे तुकडे, एक प्रमाण मराठीत, एक झाडीबोलीत, दोन्ही रडारडीचे नकोत. ब्रह्मपुरीचा फोटोवाला हे काम काही शेकड्यांत करून देईल, नाही तर मैत्रिणीच्या हातात फोन दे.

आणि वडिलांना सांग, धान विकायची घाई नको, भाव पाहून नेहमीसारखं विका. त्यांना खर्च करायचाच असेल तर पहिल्या खेपेला गाडीची दोन तिकिटं काढायला सांग, एक त्यांचं. चार दिवस तुझ्यासोबत राहू दे. ती ऑफिसं, ती रांग, तू राहणार ती खोली, सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहू दे. गावात कुणी काही विचारलं तर मग उत्तर तेच देतील.